उठून दिलेली जागा

मधल्या खुर्चीतल्या न्यायाधीशबाई "सेन्योरा सिंत्रोन" असं म्हणाल्या आणि सगळ्यात मागच्या बाकावरची प्रोविदेन्सिया सिंत्रोन ताडकन उठून उभी राहिली. मिल्ताने तिचा झगा धरून तिला खाली ओढलं. "बस गं! तुला बोलावलं नाही, तुझ्याबद्दल बोलतायत," ती कुजबुजली. मिल्ताची कुजबुज साधारण तीन बाकांपर्यंत पोचायची. प्रोवी बसली, पण कानांत अजून तेच घुमत होतं. एकसष्ट वर्षांत तिचं नाव पुष्कळांनी पुष्कळ तऱ्हांनी घेतलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाया मानाचं "दोन्या" लावून "दोन्या प्रोवी, भात लागतोय!" म्हणून ओरडत, पाद्रीबाबा वर्गणीच्या आठवड्यात जरा जास्त मऊ आवाजात घेत, नवरा घर सोडून गेला त्या दिवशी त्याने ते पूर्ण, आडनावासकट उच्चारलं होतं, जसं काही तो पाकिटावर पत्ता लिहीत होता. पण इतक्या उंचावरून ते कुणी घेतलं नव्हतं. तिघे न्यायाधीश समुद्रापलीकडून, बर्फातून आले होते. वर्षातून एकदोनदा ते या बेटावर अपिलं ऐकायला येत, आणि का कोण जाणे, तिकडे बर्फ पडत असतानाच येत. न्यायाला ऊब मानवत असावी. त्या बर्फातल्या बाईच्या समोर कागदांचा ढीग होता आणि त्या ढिगात कुठेतरी प्रोवी होती. त्या बाईने तिला शोधून काढून हातात धरलं होतं, डाळ निवडताना खडा धरावा तसं, आणि ती उजेडात फिरवून बघत होती की हा खडा आहे की दाणा.

"काय विचारतेय?" प्रोवीने विचारलं. मिल्ताने समुद्रापलीकडच्या ब्रॉन्क्समधल्या बटणांच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली होती, त्यामुळे तिचं इंग्रजी पक्कं होतं आणि त्याचा तिला माज होता. शिवाय ती प्रोवीच्या मुलाची, योनिएलची, धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला हातावर तिनेच धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि एकमेकींना सगळं बोलायचा हक्क बाळगून होत्या. "विचारतेय," मिल्ता म्हणाली, "की त्या दिवशी ह्या बाईला खोलीतून बाहेर काढलं, की ही आपण होऊन गेली?" आणि मग स्वतःच्या पदरचं जोडलं, "मी तेव्हाच म्हटलं होतं, कोमाद्रे. हलू नकोस म्हटलं होतं." प्रोवीने पिवळा स्वेटर छातीशी ओढून घेतला. बाहेर मार्चचं ऊन रस्त्याच्या निळ्या विटांवर तापत होतं, आणि आत कोर्टाने सरकारी खर्चाने एक हिवाळा करून ठेवला होता. बेटावरच्या बायका कोर्टात, बँकेत आणि सिनेमाला स्वेटर घेऊनच जातात. प्रोवीच्या स्वेटरला सहा बटणं होती. पाच मोत्यासारखी आणि एक, वरून दुसरं, मिल्ताच्या कारखान्यातलं.

खरं तर प्रोवीला वाटलं होतं, आज योनिएलबद्दल बोलतील. तो इथे नव्हता. अपिलाला आरोपीला आणत नाहीत. तो फ्लोरिडातल्या तुरुंगात होता आणि त्याच्या बावीस वर्षांतली तीन सरली होती. त्याच्या वकीलबाई बोनिया उभ्या राहिल्या तेव्हा समोरच्या मेजावर हिरवा दिवा लागला. पंधरा मिनिटं. बावीस वर्षांचं सगळं पंधरा मिनिटांत. आधी त्या पुराव्याबद्दल बोलल्या, मग मालाच्या वजनाबद्दल. वजनाचं प्रोवीला थोडं समजत होतं. आरोपपत्रात चौऱ्याहत्तर माणसं होती आणि तिचा मुलगा त्रेचाळिसावा. सगळ्यांनी मिळून त्यांच्या वसाहतीत जेवढा नशेचा माल विकला, तो सगळा त्या एकेकाच्या डोक्यावर अख्खा ठेवला होता. कट म्हटलं की तसंच असतं म्हणे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चाटच पडली होती. तिच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे चाळीस मुलांसाठी तुरीच्या दाण्यांचा भात व्हायचा, आठ पातेली. त्या हिशोबाने प्रत्येक पोराने आठ पातेली भात खाल्ला. पण हे तिने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, कारण योनिएलने काहीच खाल्लं नव्हतं असं ती म्हणू शकत नव्हती. तो जिन्याखाली उभा राहायचा. पांढरे बूट घालून. ती खिडकीतून बघायची आणि बूट कुठून आले हे विचारायचं राहून जायचं. विचारायला वेळ नव्हता असं नाही. चौथ्या मजल्यावरून खाली हाक पोचत नाही, असं ती स्वतःला सांगे. मात्र जेवायला बोलावलेलं त्याला बरोबर ऐकू यायचं.

पुराव्याला न्यायाधीशांनी फारसं तोंड लावलं नाही. वजनाशी डावीकडचा म्हातारा न्यायाधीश थोडा खेळला आणि त्याने ते बाजूला ठेवलं. मग मधल्या बाईंनी चष्मा वर केला, पान उलटलं आणि तिचं नाव घेतलं. आणि प्रोवीला एकदम कळलं की ती बावीस वर्षं हलवायला आता ना पुरावा कामाचा उरलाय, ना वजन. उरली होती ती फक्त एक बाई, जी तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी बाकावरून उठली होती.

त्या मंगळवारी जूरी निवडायची होती. नव्या कोर्टाच्या उंच इमारतीत, खटला चालवणाऱ्या खालच्या न्यायाधीशांच्या खोलीत. दोघी लवकर जाऊन दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या, योनिएलला दिसावं म्हणून. त्या दिवशी वकिलांची मेजं उलटी फिरवलेली होती, म्हणून त्याचं तोंड लोकांकडे होतं. त्याला कुणीतरी शर्ट दिला होता, गळ्याशी सैल. मग दार उघडलं आणि माणसं आत यायला लागली. सत्तर तरी असतील. शिक्षक, टपालवाले, एक पोटुशी पोरगी, गुडघ्याला पट्टा बांधलेला एक जाडजूड माणूस हातात टोपी घेऊन. बाक भरले, भिंतीशी रांग लागली. निळ्या कोटातला पहारेकरी मधल्या वाटेत उभा राहून बाक मोजत होता आणि त्याची नजर एकेका बाकावरून सरकत त्यांच्याकडे येत होती. पुढचं प्रोवीला इतकं स्पष्ट आठवत होतं की आठवताना पोटऱ्या ताठ व्हायच्या. त्याने तोंड उघडलं होतं. पण शब्द यायच्या आधीच ती उठलेली होती. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या त्या माणसाला म्हणाली, "बसा, बसा ना तुम्ही." ही माणसं तिच्या मुलाच्या कामाला आलेली होती. स्वतःची कामं टाकून. आपण बसायचं आणि त्यांनी भिंतीशी उभं राहायचं? तिच्या आईने तिला असं वाढवलं नव्हतं. मिल्ता म्हणाली, "मी नाही हलत, मी धर्ममाता आहे." प्रोवीने तिला दंडाला धरून उठवलं. तो माणूस बसला, "देव तुमचं भलं करो, दोन्या" म्हणाला, आणि पहारेकऱ्याने तोंड मिटलं. त्याचं काम परस्पर झालं होतं. दोघी बाहेर आल्या. दार बंद झालं.

तो माणूस पुढे जूरीत सातवा झाला. अकरा दिवस प्रोवी त्याच्याकडे बघायची. आपला माणूस, असं तिला वाटायचं. जागा दिलेली आहे म्हटल्यावर काही तरी नातं लागतंच. निकाल वाचला तेव्हा तो स्वतःच्या टोपीकडे बघत होता.

आणि मग बाहेरच्या व्हरांड्यातला तो लांबलचक दिवस. गुळगुळीत दगडी बाक, यंत्रातली कॉफी, जिला मिल्ताने "हे मेलं खरकटं पाणी" म्हटलं होतं. व्हरांडा आतल्यापेक्षाही गार होता. प्रोवी कुडकुडली, तेव्हा लक्षात आलं की स्वेटर आतच राहिला. मग तो मिळाला, दाराच्या फटीतून आलेल्या एका निळ्या बाहीच्या हातात, आणि तिने तो घातला आणि बटणं लावताना बोटं इतकी बधिर झाली होती की दुसऱ्या रंगाचं बटण चुकीच्या काजात गेलं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा बारा माणसं निवडून झाली होती. आत काय झालं ते दोघींना कधीच कळलं नाही. त्यात कळण्यासारखं काही असतं, हेही तेव्हा माहीत नव्हतं. हे वकीलबाई बोनियांनी नंतर सांगितलं: खटला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालला पाहिजे, अगदी जूरी निवडण्यापासून, आईला बाहेर ठेवून निवडलेल्या जूरीचा निकाल उभा राहू शकत नाही. एक माणूसही बाहेर ठेवला तरी. प्रोवीला वाटायचं, ती कोर्टात बसते ती मुलासाठी. त्याला धीर यावा म्हणून. ती बसल्यामुळे कोर्ट कोर्ट होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. देवळातही तिच्यावाचून प्रार्थना अडत नव्हती. मग बोनियाबाईंनी इंग्रजीत एक कागद करून आणला आणि दोघींनी सह्या केल्या. मिल्ताने नंतर वाचून सांगितलं की त्यात "आम्हाला बाहेर जायला सांगण्यात आलं" असं लिहिलंय. "मग बरोबरच आहे," मिल्ता म्हणाली, "मला सांगण्यात आलंच. तू सांगितलंस."

आता सरकारी वकील बोलत होता. तरुण होता, बेटावरचाच, बूट आरशासारखे. मिल्ता त्याचं बोलणं तोंड वाकडं करून सांगत होती. "म्हणतोय, कुणी हुकूम दिल्याचं नोंदीत नाही. म्हणतोय, कदाचित सौजन्याने गेल्या असतील. सौजन्याने! मेल्याला बरं सुचलं." हा मुलगा प्रोवीला ओळखत नव्हता, कधी तिच्या हातचं जेवला नव्हता, आणि तरी त्याने बरोबर तिच्यावर बोट ठेवलं होतं. म्हातारा न्यायाधीश म्हणाला, दार बंद होतं का? नोंदीत नाही. तिला परत येऊ दिलं असतं का? नोंदीत नाही. मधल्या बाईंनी विचारलं, मग नोंदीत आहे तरी काय? लाल दिवा लागला. प्रोवीला वाटलं, ती इथे बसलेली आहे, तेरा पावलांवर, श्वास घेतेय, सगळं तिच्या पोटात आहे, आणि या तिघांना तिला विचारता येत नाही. त्यांना फक्त कागदातली प्रोवी दिसते. त्या कागदातल्या बाईला ना हात, ना पाय, ना थंडी. त्यांच्याबद्दल तिला राग नाही आला. उलट, इतकी मोठी माणसं, समुद्र ओलांडून आलेली, एका दाराबद्दल इतकं खोल विचारतायत, याने तिचा ऊर दडपून गेला. तिने स्वतः त्या दाराबद्दल असं कधी विचारलं नव्हतं.

निकाल ऑगस्टमध्ये आला, वादळाची सूचना लागलेली असताना. बोनियाबाईंनी फोन केला, मागे त्यांचं मूल रडत होतं. एकसष्ट पानं. पुरावा पुरेसा. वजन आणि शिक्षा यांचं नंतर बघू. तोवर एक प्रश्न खालच्या न्यायाधीशांकडे परत पाठवलाय: सेन्योरा सिंत्रोन यांना त्या खोलीच्या बाहेर ठेवलं होतं का? साक्ष घ्या आणि ठरवा. ठेवलं असेल तर खटला मुळापासून नवा. "तुमचं नाव नऊ वेळा आहे, दोन्या प्रोवी," बोनियाबाई म्हणाल्या. मग साक्षीची तयारी. "विचारतील तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. जास्त एक शब्द नाही. बाहेर गेल्यावर परत आत यायचा प्रयत्न केला होता तुम्ही?" "नाही," प्रोवी म्हणाली. ते खरंच होतं. तसा प्रयत्न कशाला करील ती, आत बसायला जागा कुठे होती? बोनियाबाईंनी उसासा टाकला. "बरं. असू दे."

योनिएलचा फोन रविवारी आला. पंधरा मिनिटांचा, मधे मधे बीप. तुरुंगातही पंधराच मिनिटं देत, सरकारला तो आकडा आवडत असावा. आधी त्याने नाताळचे पास्तेलेस केले का विचारलं. डिसेंबरला चार महिने होते, पण तो नेहमी तेच विचारायचा. मग म्हणाला, "आई, तू काय सांगणारेस?"

"जे झालं ते."

"कागदात आहे तसं?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, माझं तोंड तुमच्याकडे होतं त्या दिवशी. मी बघितलं ना. तू त्या लंगड्याला जागा दिलीस." तो हसला, आणि ते हसणं अगदी नऊ वर्षांच्या योनिएलचं होतं. "माझ्या बाजूच्याला मी म्हटलंही, ती बघ, माझी आई. कोर्टातही पंगत वाढतेय."

"मग काय सांगू मी, बाळा?"

बीप झाला. "मी नाही सांगणार तुला. मी सांगितलं तर तोही कट होईल," तो म्हणाला. फोन कापला गेला.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत प्रोवीने किती वेळा ते उठणं उठून पाहिलं. भात ढवळताना, बसमध्ये, कपडे वाळत घालताना. एकदा तर उठायच्या आधीचा क्षण सापडला, ज्यात पहारेकऱ्याचं तोंड उघडं होतं, आणि ती त्या क्षणात जाऊन बसली: एवढं एक श्वासभर बसली असती. तो बोलला असता, "बाहेर जा" म्हणाला असता, आणि आज तिचा मुलगा... बावीस वर्षं एका श्वासाइतकी उंच होती आणि ती श्वास न घेता उठली होती. "अगं पण तो म्हणणारच होता," मिल्ता कावायची. "तोंड उघडलं होतं की नाही? मग त्याने म्हटलं असं धर. देव काय कोर्टात येऊन मोजतोय?" प्रोवीला वाटायचं, मोजत असेलही. एका बाईच्या उठण्या-बसण्यावर एकसष्ट पानं लिहिणारी माणसं या जगात आहेत, तर देवाने एवढं मोजायला काय हरकत आहे.

साक्षीच्या दिवशी दोघींना आधी व्हरांड्यातच बसवलं. साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, म्हणून. तोच दगडी बाक. "या वेळी मात्र खरंच सांगितलंय हं बाहेर बसा म्हणून," मिल्ता म्हणाली, "हे लिहून घ्या म्हणावं नोंदीत." आत निळ्या कोटातला पहारेकरी साक्ष देत होता. मग प्रोवीला बोलावलं. खोली रिकामी होती. सगळे बाक मोकळे, दुसराही. योनिएल वकिलाच्या मेजाशी, खाकी कपड्यांत, तीन वर्षांत कानांजवळ पांढरा झालेला. तिने शपथ घेतली. शेजारी दुभाषी पोरगा बसला. ती जे बोले ते तो इंग्रजीत "मी, मी" असं म्हणत सांगे, आणि आपलं म्हणणं असं एका पोराच्या आवाजात वर जाताना ऐकून तिला गंमत वाटली आणि भीतीही.

बोनियाबाईंनी विचारलं, तुम्ही बाहेर का गेलात? प्रोवीने योनिएलकडे पाहिलं. तो मेजाकडे बघत होता. "मी उठले," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नाही. तो सांगणार होता, पण मी आधीच उठले. माणसं उभी होती. कागद इंग्रजीत होता, त्यात काय लिहिलंय ते मला नंतर कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं." 'मी उठले,' दुभाषी म्हणाला. बोनियाबाईंचा चेहरा स्वच्छ पुसल्यासारखा झाला. त्या खाली बसल्या. बावीस उणे तीन, प्रोवीने मनात केलं. एकोणीस. ती ऐंशीची होईल.

सरकारी वकील उठला. आज बूट जरा जास्तच चकचकीत होते. "म्हणजे सेन्योरा, तुम्ही स्वखुशीने गेलात?" "हो." "कुणी हात लावला नाही, ओरडलं नाही?" "छे, चांगला माणूस आहे तो." "आभारी आहे," तो म्हणाला आणि बसायला वळला. अर्धा बसलाही. मग त्याला काय वाटलं कोण जाणे; जिंकलेल्या माणसाला आणखी एक घास खावासा वाटतो तसं काही असेल. तो पुन्हा उठला. "आणि सेन्योरा, दार तर सगळ्यांसाठी उघडंच असतं. पहारेकऱ्यांनी आत्ताच शपथेवर सांगितलंय. त्या अख्ख्या दिवसात तुम्हाला एकदाही त्या दाराशी परत यावंसं वाटलं नाही, हो ना?"

"आले की," प्रोवी म्हणाली. "स्वेटरसाठी."

दुभाषी थांबला, मग म्हणाला, स्वेटरसाठी.

"आत राहिला होता ना माझा, बाकावर. थंडी मरणाची. मी दार ढकललं तर ते आतून धरलेलं. मग पहारेकऱ्याने एवढीशी फट केली आणि म्हणाला, 'आत येता येणार नाही, सेन्योरा, निवड संपेपर्यंत कुणालाच नाही, साहेबांचं तसं सांगणं आहे.' मी म्हटलं, मला यायचंच नाहीये बाबा, माझा स्वेटर तेवढा दे. मग त्याने त्या पट्टावाल्या माणसाच्या पाठीमागून ओढून काढला आणि फटीतून दिला. आणि दार लावलं." तिला वाटलं आपण जास्त बोललो. "विचारलंत म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

वर न्यायाधीश, ज्यांनी तसं सांगितलं होतं किंवा नव्हतं, स्वतःच्या पेनाकडे बघत होते, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कुठला स्वेटर?" प्रोवीने बाही वर केली. "हाच." न्यायाधीश म्हणाले, नोंद घ्या, साक्षीदार अंगावरचा पिवळा स्वेटर दाखवत आहेत. कोपऱ्यातल्या लघुलेखिकेची बोटं चालली. किती मऊ आवाज होता तो. प्रोवी त्या बोटांकडे बघत राहिली. स्वेटर आत चालला होता. बाही, पाच मोत्यांची बटणं आणि सहावं ब्रॉन्क्समधलं, तिची त्या दिवशीची थंडी, फटीतला हात, सगळं त्या दारातून आत, समुद्रापलीकडे, त्या बर्फातल्या बाईच्या ढिगात. सरकारी वकील अजून उभाच होता. त्याला बसायचं सुचत नव्हतं, आणि प्रोवीच्या ओठांवर सवयीने आलं, "बसा ना," पण ती बोलली नाही. योनिएलने मान वर केली होती. तो तिच्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही, स्वेटरकडे.

"आभारी आहे, सेन्योरा सिंत्रोन," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही आता उठू शकता."

दुभाष्याने ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. तिला ते आधीच समजलं होतं. ती खुर्चीचे हात धरून, पाठ टेकून, तशीच बसून राहिली.